शोक आणि मूर्ती

दुधनीहून एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा मागील चैत्रात तापाचे निमित्त होऊन गेला. बाईंनी चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या आहेत. दुपारी घरात निजानीज झाली म्हणजे त्या शाडूची माती घेऊन बसतात व मुलाची मूर्ती करू पाहतात. हे घरात कोणास रुचत नाही. सासूबाई म्हणतात, गेलेल्याची मूर्ती घरात ठेवली तर जीव घुटमळतो. यजमान बोलत काहीच नाहीत, उठून बाहेर जातात. बाईंचे विचारणे दोन गोष्टींविषयी आहे. हे शास्त्राविरुद्ध आहे काय, हे एक. दुसरे असे की, चेहरा काही केल्या साधत नाही. प्रत्येक वेळी मातीतून कोणी परकाच मुलगा वर येतो व मूर्ती मोडावी लागते. तेव्हा पुढे काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्याचे शव हाती लागत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे पालाशविधी सांगितला आहे. त्यात पळसाच्या ३६० पानांचा मनुष्याकृती पुतळा करतात, मस्तकाच्या जागी नारळ ठेवतात व त्यालाच अग्नी देतात. पुष्कळ घराण्यांच्या देवघरांत कुळातल्या वीराचा टाकही देवांच्या शेजारी असतो. गेलेल्या माणसाची आकृती करण्याचे शास्त्राला किंवा रूढीला वावडे आहे, असे आम्हांस दिसत नाही. सासूबाईंचे भय मूर्ती ठेवण्याचे असेल, तर ती ठेवलीच पाहिजे असेही नाही. भाद्रपदात आपण शाडूचीच मूर्ती करतो आणि पाण्यात सोडून रिकाम्या पाटाने घरी येतो.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर बाईंना त्यांच्याच मुलखात सापडेल असे वाटते. दुधनी अक्कलकोट तालुक्यात अगदी सरहद्दीवर. तेथे मराठीइतकीच कानडी कानांवर पडते. तेव्हा वीरगळ हा शब्द त्यांना फोडून सांगावयास नको. कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. महाराष्ट्रात व कर्नाटकात जुन्या देवळांच्या आवारात, पारांखाली, कधी शेताच्या बांधावर हे दगड उभे असतात. कित्येकांना शेंदूर फासून लोकांनी त्यांचे देव करून टाकले आहेत. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाशी वीर मरून पडलेला. गाई राखताना मेला असेल तर गाईही कोरलेल्या. त्याच्या वर लढाई. त्याहून वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर तर गलबतांची लढाई आहे.

पण ह्या दगडांवर चेहरा सहसा ओळखण्यासारखा नसतो. पाथरवटाने तो साधण्याचा हट्टच धरला नाही. मनुष्य काय करीत असता गेला, एवढे त्याने नीट दाखविले. आणखी एक गोष्ट आमच्या मनाला नेहमी लागते. वीरगळावर सहसा कोणी रडत नाही. आई नाही, बाप नाही. बायको असलीच तर ती शेजारच्या सतीशिळेवर, आणि तीही बहुधा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात एवढीच. त्या हाताचे कौतुक करणे आमच्याने होत नाही. जिचे दुःख सर्वांत मोठे, तिला दुःख करावयास जिवंत ठेवलेच नाही!

ह्या ठिकाणी एका परदेशी आईची हकीकत सांगणे अवश्य आहे. केटे कोलविट्झ ह्या जर्मन चित्रकर्त्री. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पेटर १८ वर्षांचा होता व सैन्यात जाण्यास त्याला बापाची संमती हवी होती. बाप तयार नव्हता. आईनेच मध्ये पडून ती मिळवून दिली. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुलगा बेल्जममध्ये पडला. त्याचे स्मारक करावयाचे बाईंनी लगेच मनात घेतले. पसरलेला मुलाचा देह, डोक्याशी बाप, पायांशी आई, अशी योजना होती. वर्षांमागून वर्षे गेली, काम साधेना. १९१९ मध्ये त्यांनी ते टाकून दिले. पुन्हा हाती घेतले तेव्हा मुलगा त्यातून काढला. राहिले फक्त आईबाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. बाप स्वतःलाच हातांनी आवळून धरून ताठ, आई पुढे वाकलेली. १९३२ मध्ये, मुलगा गेल्यावर १८ वर्षांनी, ह्या मूर्ती त्याच्या दफनभूमीत बसल्या. पुढे तेथील थडगी हलविली तेव्हा मूर्तीही बरोबर गेल्या. आज त्या व्लाड्स्लो येथे आहेत.

तेव्हा दुधनीच्या भगिनीस आमचे सांगणे इतकेच की, चेहऱ्याचा नाद तूर्त सोडावा. पाठमोरा मुलगा करून पाहावा, दप्तर उचलताना वाकलेला करावा; अथवा तोही नको, माती घेऊन बसलेली आई करावी. अठरा वर्षे लागली तरी हरकत नाही. यजमान उठून जातात, त्यांना बोलावू नये. वीरगळावर बापालाही जागा नव्हती, त्यांना ती सापडावयास वेळ लागेल.

पत्राच्या शेवटी बाईंनी जाता जाता एक ओळ लिहिली आहे. परवा मूर्ती मोडावयास घेतली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. रागावतील असे वाटले. त्या म्हणाल्या, "त्याचे कान असे नव्हते गं, जरा बाहेर होते," आणि आत निघून गेल्या.