आकडा मोठा, अट बारीक

पिकाचे शास्त्र असते, तसे शब्दांचेही आहे. कोणती गोष्ट, कोणाला, केव्हा आणि कोणाच्या तोंडून सांगायची हे आधी ठरवून मगच बोलायचे, या विद्येला 'धोरणात्मक संवाद' म्हणतात. आज ती विद्यापीठांत शिकवली जाते. सरकारे, कंपन्या आणि पक्ष या विद्येची माणसे पगारावर ठेवतात.

या धंद्याचा एक जुना उस्ताद म्हणजे अमेरिकेतला एडवर्ड बर्नेज. १९२३ साली त्याने न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा अभ्यासक्रम शिकवला. १९२९ साली ईस्टरच्या दिवशी त्याने तरुणींना भररस्त्यात सिगारेट ओढायला लावली आणि त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले. पैसा सिगारेट कंपनीचा होता. तिचे नाव मात्र त्याने पुढे येऊ दिले नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, याचा आपल्याशी काय संबंध? २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली. 'दीडपट' हा शब्द पारापारावर पोचला. पण कोणत्या खर्चाच्या दीडपट? पदरचा खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढाच खर्च धरला होता. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात नव्हते. घोषणा गावात आली, हिशेब दिल्लीतच राहिला. कापसाचेही तेच. जाहीर होणारा हमीभाव ८ टक्के ओलाव्याच्या कापसाचा असतो. त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर खरेदीच नाही. आकडा मोठ्या अक्षरात, अट बारीक अक्षरात!

म्हणून ही विद्या आपणही शिकली पाहिजे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा कोणा पगारी तज्ज्ञाने घडवली नव्हती. मागणी एकच होती, शब्द घरचे होते, म्हणून ती चालली. दहा मागण्यांचे निवेदन वाचणारा साहेब दहाही विसरतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एकच कागद आणावा. मागणी कोणती, निर्णय कोणाच्या हातात, तारीख कोणती आणि बोलणार कोण, एवढेच त्यावर लिहावे. सोबत ज्वारी आणि कापसाचा एकरी हिशेब जोडावा: नांगरटीपासून वेचणी-मळणीपर्यंत, घरच्या मजुरीसकट, जमिनीच्या खंडासकट.

एक पथ्य मात्र आम्ही पाळणार. हिशेबपट्टी दाखवून जे सिद्ध करता येईल, तेवढेच बोलायचे. बर्नेजला पैसे देणारा लपवावा लागला. आपल्याला लपवण्यासारखे काही नाही, हेच आपले बळ आहे.