जादा तास आणि बिबट्याची वेळ

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील माध्यमिक शाळांत दहावीचे जादा तास साधारणपणे दिवाळीनंतर जोर धरतात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्डाची परीक्षा सुरू होते, गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम मागे पडलेला असतो आणि तो भरून काढायला शाळा भरण्याआधीचा किंवा सुटल्यानंतरचा तास एवढीच जागा उरते. याच दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो, ऊसतोड चालू असते आणि उसाच्या फडात वाढलेला बिबट्या आडोसा शोधत जागा बदलत असतो. शाळेची गुणवत्ता सावरण्याचा हाताशी असलेला उपाय आणि मुलांच्या जिवाला सर्वाधिक धोका असलेली वेळ, दोन्ही एकाच तासावर येऊन पडतात. गुणवत्तेचा विचार शिक्षण खाते करते, बिबट्याचा वन खाते आणि रस्त्याचा एसटी महामंडळ. त्या एका तासाचा विचार कोणाच्याच वाट्याला आलेला नाही.

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी, घोड, मीना या नद्यांवरील धरणांचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्याला बारमाही निवारा मिळाला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच बदलाचे अपत्य. २०२४ मध्ये या विभागातील २३३ गावे संभाव्य बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांतील दोघे लहान वयाचे होते, एक अवघ्या पाच वर्षांची मुलगी आणि दुसरा तेरा वर्षांचा मुलगा. संतप्त गावकऱ्यांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्यानंतर बिबटप्रवण भागातील शाळांची वेळ साडेनऊ ते चार अशी करण्यात आली. निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे जादा तासाची जागा गेली आणि तिची भरपाई कशातून करायची, हे मुख्याध्यापकांवर सोडून देण्यात आले.

नववी-दहावीचा विद्यार्थी कायद्याच्याही बाहेर पडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आणि पहिली ते आठवीच्या वर्गांना लागू आहे. शालेय पोषण आहार आठवीला थांबतो, मोफत पाठ्यपुस्तकेही तिथेच थांबतात. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे नियम आहेत. माध्यमिक शाळेसाठी पाच किलोमीटरचे उद्दिष्ट योजनांच्या कागदात आले, त्याला हक्काचे बळ मिळाले नाही. अंतर वाढते त्याच वर्षी सरकारची जबाबदारी कमी होते, ही मांडणी उफराटी आहे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, तो फार मोठा आधार. पण गाडीच शाळेच्या वेळेला येत नसेल, तर पास दप्तरात राहतो आणि मुलगी उसाच्या कडेने पायी निघते.

शेजारच्या तालुक्यांतील शिरूरची वाबळेवाडी आणि खेडची जालिंदरनगर या जिल्हा परिषद शाळांनी देशाबाहेरही नाव कमावले. दोन्ही शाळा प्राथमिक. त्यांचे कौतुक करणाऱ्या सभांत, त्यातून बाहेर पडणारी मुले पुढे कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न क्वचितच निघतो. ग्रामीण भागातील बहुसंख्य माध्यमिक शाळा खाजगी अनुदानित संस्थांच्या आहेत. पगार सरकारचा आणि व्यवस्थापन संस्थेचे, त्यामुळे रिकाम्या पदाबद्दल दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. मे २०१२ पासून शिक्षकभरतीवर बंदी होती. नंतर पवित्र पोर्टल आले, पण त्याची गती निवृत्तीच्या गतीला गाठू शकलेली नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. डोंगरी भागात वर्गाचा पट मुळातच लहान असतो, म्हणून पटावर शिक्षक मोजण्याची ही रीत तिथल्या शाळांना सर्वांत जास्त बोचते.

शिक्षकांइतकीच महत्त्वाची, पण चर्चेत न येणारी पदे चतुर्थ श्रेणीची आहेत. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतील शिपाई, पहारेकरी, प्रयोगशाळा परिचर ही पदे निवृत्तीनंतर व्यपगत होतात आणि त्यांच्या जागी शाळेला भत्ता मिळतो. ग्रामीण भागासाठी तो दरमहा ५,००० रुपये ठरवला गेला. एवढ्या पैशांत दिवसभर फाटक सांभाळणारा माणूस मिळत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे आणि विज्ञान दिनाला तिथे शाळकरी मुलांची झुंबड उडते. त्याच तालुक्यात शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप उघडायला परिचर नसावा, यातली विसंगती सांगून पटवावी लागू नये.

बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. हे सर्व हवेच. पण चित्रण पाहायला आणि पेटी उघडायला माणूस लागतो आणि तीच पदे संपत चालली आहेत. शिवाय कॅमेऱ्याची नजर कुंपणापर्यंतच पोहोचते.

पश्चिमेकडे, भीमाशंकर आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, चित्र वेगळे आहे. तिथे महादेव कोळी समाजाच्या वाड्या, मुसळधार पाऊस आणि घोडेगाव आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळा आहेत. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून या पट्ट्यात पावसाळ्यातील शाळा हाही सुरक्षिततेचाच विषय झाला आहे. आश्रमशाळेतले मूल रस्त्यावरच्या धोक्यातून सुटते, पण त्याची रात्र अधीक्षकावर अवलंबून असते. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाने राज्यभरातील आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोतातून भरण्याचे ठरवले. वर्ष संपले की जाणारा शिक्षक वसतिगृहातल्या मुलांना ओळखू लागेपर्यंत त्याचा करार संपतो.

या सगळ्याचा परिणाम शिकण्यावर होतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा सरळ वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमले. अशा मुलांना दहावीच्या शेवटच्या चार महिन्यांत जादा तास घेऊन वर काढता येत नाही. त्यांना आठवीतच, भर दिवसा आणि पूर्ण शिक्षकसंख्येनिशी शिकवावे लागते.

जुन्नर-आंबेगावच्या आमदारांनी, जिल्हा परिषदेने आणि एसटीच्या आगारप्रमुखांनी यंदाच्या गळीत हंगामापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. बिबटप्रवण २३३ गावांतील माध्यमिक शाळांची शेवटची गाडी शाळेच्या वेळेशी बांधावी, गणित-विज्ञानाची रिकामी पदे आधी या शाळांत भरावीत आणि ५,००० रुपयांच्या भत्त्याऐवजी पहारेकऱ्याचे पद परत द्यावे.