हौसेचे मोल
फ्रीगंजातील आमच्या भाच्यापुढे पेच पडला आहे: कुणी रुंद चाके, निराळे इंजिन बसवून सजविलेली जुनी जीप घ्यावी, की साधी घेऊन आपण सजवावी? त्याच गाडीतून तो आमच्या ताईला ओंकारेश्वरास नेणार. वाटेत घाट आहे. दुसऱ्याने केलेले जोडकाम रंगाखाली दिसत नाही, ते उतारावर कळते. शिवाय १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची अनुमती व नोंदणीपत्रात नोंद हवी. म्हणून साधीच घ्यावी, अनुमतीपुरतेच बदलावे. हौसेला मोल नसते. पण दुसऱ्याच्या हौसेचा दंड आपण का भरावा?