औषधाच्या खिडकीवरचा माणूस

शेतकरी बंधूंनो, सोयाबीनवरच्या अळीसाठी औषध आणले आणि अर्ध्या वावरातच पंप खाली ठेवला, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. मनाच्या आजाराच्या औषधाचेही तसेच आहे. ते अर्ध्यावर सोडून चालत नाही.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, सुस्ती मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवते. म्हणजे त्रास आधी, गुण मागून. मग घरात बोलणे सुरू होते, "या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागीन, काहून खाता?" आणि पुडी फळीवर जाते. वास्तविक झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, नैराश्याच्या गोळ्यांचे तसे व्यसन लागत नाही. कोणी बरे वाटताच गोळी सोडतो. बरे वाटल्यावरही ती किमान सहा महिने घ्यावी लागते आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू बंद करायची असते.

हे समजावून सांगणार कोण? बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी. पण औषधनिर्माण अधिकारी, ज्यांना आपण अजून कंपाउंडर म्हणतो, त्यांच्या खिडकीवर रोगी दर महिन्याला येतो. कोण आला नाही, हेही त्यांनाच आधी कळते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात असे औषधतज्ज्ञ नेमले जाऊ लागले.

आपल्याकडे २०१५ मध्येच वाशीमसह १४ जिल्ह्यांत शासनाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघर पाहणी करायची, डॉक्टर व समुपदेशकांनी पुढचे बघायचे, अशी रचना झाली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणारे शंभरात ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले. गावचा माणूस सोबत असला की रोगी दवाखान्यात येतो. आलेला टिकवणे हे पुढचे काम, आणि ते खिडकीवर होते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकाऱ्यांना या आजारांचे प्रशिक्षण मिळावे आणि रोग्याशी बाजूला बसून पाच मिनिटे बोलायची सोय व्हावी. गोळी कधी घ्यायची, दारू का चालत नाही, पुढची तारीख कोणती, हे चारचौघांसमोर सांगायचे नसते. दुसरी, तारखेला न आलेल्याचे नाव गुपचूप आशाताईंना कळावे. त्याची चावडीवर चर्चा नको. तिसरी, साठा संपू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर मोफत मिळणे हा रोग्याचा हक्क आहे.

घरच्यांनीही गोळ्या आणि फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. जिवाला धोका वाटत असेल, तर थोड्या थोड्या दिवसांच्याच गोळ्या मागून घ्याव्यात.

मन फार जड झाले असेल, तर १४४१६ या मोफत टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. मराठीत बोला. आणि गोळी सुरू असेल, तर ती मनाने बंद करू नका. आधी खिडकीवर जाऊन विचारा.