गहाण पडलेला विवेक कोणाचा?

प्रापंचिक कॅथलिक माणसाने आपली सदसद्विवेकबुद्धी धर्मगुरूकडे गहाण टाकलेली असते, असे आपल्या वर्गांतून आणि समीक्षालेखांतून इतक्या सहजपणे म्हटले जाते की या विधानाला पुरावा लागतो याचाच विसर पडावा. ग्रॅहम ग्रीन शिकवताना तर ते हमखास येते. हे विधान आळशी आहे, आणि चुकीचेही.

विवेक हा कॅथलिक परंपरेत बाहेरून आलेला पाहुणा नाही. कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ साली ड्यूक ऑफ नॉरफोक यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात विवेकाला पोपच्याही आधीचा मान दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्याला माणसाचा अंतर्यामीचा गाभारा मानले.

ग्रंथ राहू द्या. फ्रान्ट्स येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंडचा शेतकरी. शिक्षण गावच्या शाळेपुरते. १९३८ मध्ये जर्मनीतील विलीनीकरणाविरुद्ध गावात मत पडले ते त्याचे एकट्याचे. १९४३ मध्ये त्याने हिटलरसाठी शस्त्र उचलण्यास नकार दिला. लिंझच्या बिशपांनीही त्याला बायकोची आणि लहान मुलींची आठवण करून दिली होती. तरी तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. गहाण पडलेला विवेक इथे कोणाचा होता? पुढे २००७ मध्ये त्याच चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले.

‘हा अपवाद झाला,’ असे कोणी म्हणेल. मग १९६८ पाहा. ‘हुमाने विते’ या पोपच्या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले आणि असंख्य जोडप्यांनी ते पाळले नाही. त्यांतल्या काहींनी सोय पाहिली असेल. पण कितीतरी जण तो प्रश्न मनात घेऊनच दर रविवारी मिस्साला जात राहिले. कॅनडाच्या बिशपांनी त्याच वर्षी विनिपेगमध्ये अशांची अडचण प्रामाणिक असू शकते हे मान्य केले. विवेकाचे रोजचे ठिकाण हेच: स्वयंपाकघर, पगाराचे पाकीट, मुलांची संख्या.

अर्थात ‘मनाला पटले तेच खरे’ म्हणणारेही तितकेच चुकतात. विवेकाला घडवावे लागते. शिकवण ऐकून, तिच्याशी झगडून. न झगडता मिळालेली मोकळीक म्हणजे निव्वळ लहर.

म्हणूनच ‘द हार्ट ऑफ द मॅटर’मधल्या (१९४८) स्कोबीला चर्चने चिरडले, एवढेच शिकवून थांबणे हा त्या कादंबरीवर अन्याय आहे. गहाण पडलेला विवेक टोचत नाही. स्कोबीचा शेवटपर्यंत टोचतो.