झाकली मूठ, तुटली मूठ

वीकेंडला देहूला घरी गेलो, तर दारातच ब्रेकिंग न्यूज: पणजोबांच्या काठीची मूठ तुटली. अस्सल हस्तिदंताची, बरोबर दोन तुकडे. आजी हीच काठी टेकत रोज घाटापर्यंत जायची. म्हणाली, ''चाकणला एवढ्या गाड्या जोडतोस, मामंजींची एक मूठ जोडता येईना?'' झाली का पंचाईत!

इन्स्टंट ग्लू खिशात तयारच होता. पण थांबा बॉस! तो सेकंदात धरतो, केसभर वाकडं बसलं की संपलं. इपॉक्सी त्याहून पक्का, पण काही वर्षांनी पिवळा पडतो आणि सहजी निघत नाही. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या ग्लूत पाणी, जुन्या सरसातही पाणी. आणि हस्तिदंत म्हणजे शेवटी दातच. ओलाव्याने फुगतो, वाळताना तडकतो. देहूत गाथा पाण्यातून तरली, मूठ तरायची नाही!

म्युझियमवाले वापरतात ते पॅरालॉइड बी-72. हे अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, सहसा पिवळं पडत नाही आणि सांधा चुकला तर अ‍ॅसिटोननेच सुटतं. मऊ ब्रशने धूळ झटका, तुकडे आधी कोरडेच जुळवून बघा, मग पातळ थर द्या. दिवसभर हात लावू नका. खिडकी उघडी, गॅस बंद.

गोम पुढेच आहे. हा सांधा दातापेक्षा कच्चाच असावा लागतो, म्हणजे पुन्हा ताण आला तर सांधा सुटतो, दात फुटत नाही. पण मग अंगाचा भार तो कसा पेलणार? थोडक्यात, प्रश्न ग्लूचा नव्हताच. काठी जपायची की टेकायची, हा होता.

आणि हो, कागद बघा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 पासून बंद, आफ्रिकेतून आलेल्याचा 1991 पासून. घरात ठेवायला वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. वारसाने वस्तू आली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. आमचे कागद आजोबांच्या ट्रंकेत निघाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही तर विकताही येत नाही!

शेवटी मेडिकलमधून रबरी बुडाची काठी आणली. आजीने ती दोनदा आपटून बघितली आणि म्हणाली, ''ही हातात घेते. मामंजींची दारात राहू दे, उभी दिसली की बरं वाटतं.''