काठिण्याचा आकडा आणि सांध्याचे आयुष्य

हलकेपणा, शरीरद्रवात न गंजण्याचा गुण आणि हाडाशी एकजीव होण्याचे सामर्थ्य यांमुळे टायटेनियमच्या मिश्रधातूने अस्थिशल्यशास्त्रात मानाचे स्थान मिळविले असले, तरी घर्षणापुढे तो दुर्बळ ठरतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यावरील अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे कवच घर्षणात फाटते, पुन्हा बनते, पुन्हा फाटते. आणि सुटलेले कण कृत्रिम खुब्यातील गोळा व पॉलिएथिलीनची वाटी या दोहोंनाही खरवडतात. उघड्या टायटेनियमच्या गोळ्यांभोवतीच्या ऊती काळवंडलेल्या आढळल्या, तेव्हा असे गोळे वापरातून मागे पडले.

या वैगुण्यावर योजिलेल्या पृष्ठसंस्कारांच्या शिफारशी मात्र बहुधा काठिण्याच्या एकाच आकड्यावर केल्या जातात, आणि आमची हरकत नेमकी येथेच आहे. टायटेनियम नायट्राइडच्या लेपाचे काठिण्य २००० विकर्सच्या वर जाते, मूळ मिश्रधातूचे साडेतीनशेच्या आसपास राहते. म्हणजे मऊ गादीवर ठेवलेल्या काचेप्रमाणे, खालचा धातू दबला की वरचा लेप तडकतो. १९९० नंतरच्या दशकात हिऱ्यासदृश कार्बनाचा लेप दिलेले टायटेनियमचे गोळे रुग्णांच्या शरीरात लेप सुटल्याने निकामी झाले, हा दाखला विसरण्याजोगा नाही. नायट्रोजनच्या आयन-रोपणात मापे बिघडत नाहीत, पण संस्कारित थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो; प्लाझ्मा नायट्रायडिंगने काठिण्य क्रमाक्रमाने आत उतरते, तथापि उच्च तापमानामुळे धातूची श्रांतिसहनशक्ती घटू शकते.

म्हणून आमची विनंती अशी, की कारखानदारांनी चाचणीच्या तपशिलात काठिण्याबरोबरच लेपाची पकड, संस्कारानंतरची श्रांतिसहनशक्ती आणि अस्थि-सिमेंटचे कण मिसळून केलेली झीज-चाचणीही नमूद करावी. खुब्याच्या झीज-चाचणीची आयएसओ १४२४२ ही प्रमाणपद्धती मुख्यतः सपाट जमिनीवरील चालीवर आधारलेली असल्याने, मांडी घालून वा उकिडवे बसणाऱ्या रुग्णांसाठी तेवढ्यावर निर्वाळा देणे धाडसाचे होईल. शल्यविशारदांनीही काढलेले प्रत्येक रोपण तपासणीसाठी जपून ठेवावे. कारण संस्काराची अंतिम परीक्षा शरीरातच होते, आणि तिचा निकाल लपला तर त्याची किंमत पुढच्या रुग्णास मोजावी लागते.